ठिणगीआधीचा थांबा

सकाळची वेळ निवडा. आपल्या बीबी गावातल्या अंगणात रात्रभर उभी असलेली गाडी या वेळी पूर्ण गार झालेली असते. बोनेट उघडा. पान्याला हात लावण्याआधी तळवा इंजिनाच्या हेडवर ठेवा. कोमट लागलं तर अजून थांबा. हेड ॲल्युमिनियमचं असतं; ते गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोलून निघतात. आजच्या कामाची सुरुवात या थांबण्यापासून होते.

चावी काढा. बॅटरीची मायनसची वायर सोडा. काल लोणारहून येताना गाडीने कुठे मिसिंग केलं, ते आठवा. घाई नाही.

इग्निशन कॉईलच्या कनेक्टरची क्लिप दाबून तो सोडवा. वायरला ओढू नका. बोल्ट काढा आणि कॉईल हळूहळू फिरवत वर घ्या. क्षणभर ती हातात धरा. आत एकाच लोखंडी गाभ्यावर तांब्याचे दोन वेढे आहेत: एक जाड तारेचा, काहीशे फेऱ्यांचा; दुसरा केसासारख्या तारेचा, हजारो फेऱ्यांचा. जाड वेढ्यातून बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह काही मिलिसेकंद वाहतो आणि चुंबकत्व साठतं. मग प्रवाह अचानक तोडला जातो. साठलेलं चुंबकत्व कोसळतं आणि बारीक वेढ्यात वीस-तीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. बदलत्या चुंबकत्वातून वीज निघते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. ठिणगी प्रवाह वाहताना पडत नाही, तो थांबताना पडते. दोन श्वास या गोष्टीपाशीच राहा.

आता प्लगच्या विहिरीत डोकावा. आपल्या काळ्या रानाची धूळ तिथवर पोहोचलेली असते. डोळे जपून पंपाची हवा मारा. प्लग निघाल्यावर ही धूळ सरळ सिलिंडरमध्ये उतरेल, म्हणून ती आधीच निघू द्या.

प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने कापडावर मांडा. प्रत्येकाचं टोक निवांत पाहा. फिकट तपकिरी असेल तर जळण नीट आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आहे. तेलकट ओल म्हणजे इंजिनऑईल आत येतं आहे. पांढरंफटक टोक जास्त उष्णतेची खूण. नवा प्लग दुखणं झाकेल. जुना ते सांगतो. त्याचं ऐकून घ्या.

एकच सिलिंडर गप्प असेल, तर नवी कॉईल घेण्याआधी त्याची कॉईल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहा. मिसिंग तिच्यासोबत गेलं, तर दोष तिचाच.

नव्या प्लगचा गॅप पाहा, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फट फार कमी झाली तर ठिणगी दुबळी पडते, फार वाढली तर ती पलीकडे पोहोचत नाही. इरिडियमचं बारीक टोक मात्र वाकवू नका.

प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून तो विहिरीत सोडा. आधी उलटा फिरवा. आटे जुळताच बारीकसा ‘टक्’ बोटांना कळतो. तिथे थांबा, मग सुलटा फिरवा. आटे तिरके बसू लागले तर नळी घसरते आणि वेळीच सावध करते. आपल्या लोणार तालुक्यात उल्केच्या एका आघाताने कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं आहे. जोराने काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथे बोटंच पुरेत. पाना शेवटी येऊ द्या, आणि पुस्तकातल्या टॉर्कवर हात थांबवा.

कॉईल बसवा, बॅटरी जोडा, चावी फिरवा. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर प्रत्येक प्लग मिनिटाला चारशेदा पेटतो आहे. म्हणजे प्रत्येक कॉईलमध्ये प्रवाह चारशेदा थांबतो आहे. डोळे मिटा. चारही सिलिंडरचा सूर एक होईपर्यंत बोनेट उघडंच राहू द्या.