सईला, मॉनिटर घेण्याआधी

सांगली

चि. सई,


काल ताईचा फोन होता. तू मॉनिटर घेणार आहेस हे कळलं आणि तुझी मान पुन्हा धरलीय हेही कळलं. बाळा, या दोन गोष्टी एकच आहेत. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात सोयीचे ठेवावेत तर मान खाली जाते, स्क्रीन उंच करावा तर खांदे चढतात. तेव्हा मॉनिटर जरूर घे, पण मानेसाठी घे.

आधी लॅपटॉपच्या कडा नीट बघ. एचडीएमआय असेल तर सोपं आहे. नुसतं यूएसबी-सी असेल तर जपून. ते पोर्ट सगळीकडे सारखंच दिसतं, पण प्रत्येकातून चित्र बाहेर जातंच असं नाही. शेजारी थंडरबोल्टचं विजेसारखं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं ‘डीपी’ असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल काढून ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लिहिलंय का ते बघ. आणि फोनच्या चार्जरबरोबर आलेली केबल लावू नकोस गं. बहुतेक वेळा ती चार्जिंगपुरतीच असते, चित्र येत नाही आणि चांगला मॉनिटर उगाच परत पाठवला जातो.

आता आकार. छापखान्यात डीटीपी करताना चौदा इंची डबडा मॉनिटर होता माझ्यापुढे. बिंदू दिसला की तो अनुस्वार आहे की काचेवरची धूळ, हे बोटाने पुसून बघायचे मी. म्हणून सांगते, अक्षर स्पष्ट दिसणं महत्त्वाचं, मोठा स्क्रीन म्हणजे चांगला स्क्रीन नव्हे. चोवीस इंचाला फुल एचडी घेतलंस, म्हणजे 1920 बाय 1080, तर एका इंचात साधारण 92 ठिपके बसतात. तेवढेच ठिपके सत्तावीस इंचावर पसरले की 82 उरतात आणि अक्षरं खरबरीत दिसायला लागतात. आपली जोडाक्षरं तर जास्तच. सत्तावीसच हवा असेल तर 2560 बाय 1440 चा घे. फोर-के घेतलास तर लॅपटॉपचं एचडीएमआय जुनं, 1.4 चं नाही ना, ते बघ. त्यावर फोर-के सेकंदाला 30 चित्रांपर्यंतच चालतं आणि माऊस अडखळल्यासारखा वाटतो. 2.0 असलं की 60 मिळतात. पॅनल आयपीएस घे, बाजूने बघितलं तरी रंग फिरत नाहीत. गेमवाल्यांचा 144 हर्ट्झ तुझ्या कामाला नको.

वाचलेले पैसे स्टँडवर घाल. स्वस्त स्टँड पुढे-मागे कलतो, वर-खाली होत नाही, आणि तुला वर-खालीच हवंय. तसा नाही मिळाला तर मागे वेसाची चार भोकं आहेत ना ते बघून घे, पुढे आर्म लावता येईल. तोवर खाली दोन जाड पुस्तकं ठेव. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर, आणि मॉनिटर अगदी समोर. तो कोपऱ्यात सरकवून दिवसभर मान वळवून बसलीस तर सगळा खर्च वाया. खिडकी बाजूला येऊ दे, पाठीमागे नको. कीबोर्ड, माऊस वेगळे लागतील, ते मी घेऊन देते. नाही म्हणू नकोस.

जोडल्यावर काळंच दिसलं तर घाबरू नकोस. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलून बघ. मग विंडोजचं बटण दाबून पी दाब आणि ‘एक्स्टेंड’ निवड.

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. आता पेपर वाचून झाला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोळ्यांत थेंब घालतात आणि तुझी चौकशी करतात. तूही वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीस फुटांवर काहीतरी बघत जा. रात्री दोनला तू ऑनलाइन असल्याचा हिरवा दिवा दिसतो मला, सई.

कैरीचं लोणचं घातलंय. ऑर्डर देण्याआधी लॅपटॉपच्या दोन्ही कडांचा फोटो मला पाठव. आणि मान अजून दुखत असेल तर मॉनिटर येईपर्यंत थांबू नकोस, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणाले ते कळव.

तुझी,
मावशी