काटा पायात, कळ कुठे?

आजचे शुभवर्तमान : मार्क १:४०–४५



आजच्या शुभवर्तमानात एक कुष्ठरोगी प्रभू येशूपुढे गुडघे टेकतो. प्रभूला त्याचा कळवळा येतो. तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग तो माणूस शुद्ध होतो. हा क्रम ध्यानात घ्या. आधी कळवळा, मग स्पर्श, मग आरोग्य. शुभवर्तमान ज्या ग्रीक भाषेत लिहिले गेले, तिथे 'कळवळा येणे' यासाठी जो शब्द आहे तो आतड्यांवरून आला आहे. आपणही म्हणतोच की 'आतडं तुटलं', 'पोटात कालवलं'. म्हणजे त्या माणसाचे दुःख प्रभूला नुसते समजले नाही, ते त्याच्या पोटात शिरले.

हे शुभवर्तमान वाचताना आम्हांला आपल्याच धर्मग्रामातील एका आजीची आठवण झाली, आणि थोडी लाजही वाटली. आजीला बरीच वर्षे साखरेचा आजार. गोठ्यात शेण काढताना बाभळीचा काटा टाचेत मोडला. आजीला तो कळलाच नाही. जखम चिघळली, वास येऊ लागला तेव्हा घरच्यांच्या लक्षात आले. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आम्ही दर रविवारी त्यांचे नाव घेत होतो. नऊ रविवार घेतले. दहाव्या आठवड्यात आम्ही घरी गेलो. आजी म्हणाल्या, "फादर, नाव घेतल्यालं नातू सांगत होता. पर माणूस कुणी आलं न्हाई." मग हळूच विचारले, "पाय तर डॉक्टरनं कापून टाकला. मग ही बोटं कामून दुखायलेत?" शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "काही नाही फादर, भास होतोय म्हातारीला."

या दोन वाक्यांनी आम्हांला बरेच दिवस झोपू दिले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मन आणि शरीर यांवर आम्ही पुष्कळ पाने लिहिली होती. आजीच्या बाजेजवळ त्यांतले काही आठवेना. म्हणून आज तो प्रश्न आपण सगळे मिळून पुन्हा सोडवू या. काटा पायात असतो, मग कळ कुठे असते?

काटा रुतला की पायातल्या बारीक मज्जातंतूंची टोके जागी होतात. तिथून दोन निरोपे निघतात. एक वेगवान, सेकंदाला पाच ते तीस मीटर धावणारा. दुसरा सावकाश, सेकंदाला साधारण एक मीटर चालणारा. म्हणून आधी टचकन टोचते आणि क्षणभराने ठणका लागतो. पाय झटकन वर उचलला जातो तो हुकूम तर पाठीच्या कण्यातूनच सुटतो, मेंदूला खबर लागण्याआधी. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने हा प्रकार घंटेच्या दोरीसारखा मानला होता. खाली दोरी ओढली की वर घंटा वाजते. आपल्या देवळाची घंटा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचे म्हणणे कळेल.

पण ही घंटा पुष्कळदा देकार्तच्या हिशेबाप्रमाणे वाजत नाही. १९४४ साली इटलीतील अँझिओच्या रणभूमीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला असे दिसले की, गंभीर जखमी झालेल्या अनेक सैनिकांनी वेदना थांबवणारे औषध मागितलेच नाही. दोरी जोरात ओढली होती, घंटा मात्र मंद होती. बीचर यांनी त्याचा अर्थ असा लावला की, त्या सैनिकांसाठी जखम म्हणजे मरणाच्या तोंडातून सुटका होती. उलट, लेकरू पडले की आई त्याचा गुडघा चोळते आणि रडे थांबते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचे कारण मांडले. पाठीच्या कण्यात जणू एक फाटक आहे. स्पर्शाचा निरोप आला की ते वेदनेच्या निरोपापुढे काहीसे लोटले जाते. भीती, काळजी, एकटेपणा, धीर यांचाही हात त्या फाटकाला लागतो. वैद्यांनी जे १९६५ साली मांडले, ते आपल्या आयांना कायमच माहीत होते.

आणि आजीचा पाय? दोरीच तुटली, तरी घंटा वाजते आहे. हा भास नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांची अशी कळ डॉ. वीर मिचेल यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवली होती. आपल्या शरीराचा एक नकाशा मेंदूत असतो. पाय गेला तरी नकाशातला पाय जात नाही. मूळचे तमिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात गमावलेल्या रुग्णांपुढे आरसा उभा धरला. धडधाकट हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसले आणि काहींची आवळलेली मूठ सुटल्यासारखी होऊन कळ कमी झाली. तेव्हा कुणाच्या दुखण्याला 'मनाचे खेळ' म्हणण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे. जखम दिसत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

पवित्र सभेने ही गोष्ट निराळ्या शब्दांत फार पूर्वी सांगितली आहे. आत्मा म्हणजे शरीराच्या घरात उतरलेला भाडेकरू नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की, आत्मा हे शरीराचे रूप आहे, शरीराला जिवंत मानवी शरीर करणारे तत्त्व आहे. १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेने तीच शिकवण मान्य केली. म्हणून दुखते ते नुसत्या पायाला नाही आणि नुसत्या मनालाही नाही. दुखते ते माणसाला. मज्जातंतूंतून धावणाऱ्या निरोपातून 'मला दुखतंय' हा 'मला' कसा उमटतो, हे विज्ञानाला अजून उलगडलेले नाही. आपल्या भाषेत मात्र एक खूण आहे. 'वेदना' आणि 'वेद' हे दोन्ही शब्द 'विद्' म्हणजे जाणणे या एकाच धातूपासून आले आहेत. वेदना हे एक जाणणेच आहे, पण ते अंगाला लागून जाणणे.

आता दुसरी बाजू पाहू. वेदना नसती तर बरे झाले असते का? डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात एका मिशनरी कुटुंबात जन्मले आणि पुढे वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांचे शल्यचिकित्सक झाले. कुष्ठरोग बोटे खातो असे तेव्हा लोक समजत. ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोग बोटे खात नाही, तो मज्जातंतू बधिर करतो. मग चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटे जातात. आजीच्या टाचेचेही तेच झाले, फक्त रोग वेगळा.

पुढे अमेरिकेत ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी बनावट वेदना तयार करण्याचा घाट घातला. हातमोज्यांत यंत्रे बसवली. दाब वाढला की कानात आवाज होई. रुग्णांनी आवाजाकडे दुर्लक्ष केले. मग विजेचा झटका ठेवला. तर अवघड काम करायचे असले की रुग्ण यंत्रच बंद करीत. शेवटी तो नाद सोडावा लागला. निरोप पोचवता आला, पण तो निरोप रुग्णाचा स्वतःचा होईना.

बंधू-भगिनींनो, आपले नऊ रविवार असेच गेले. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगतो की, आपण ख्रिस्ताचे शरीर आहोत आणि एक अवयव दुखावला की सगळे अवयव त्याच्याबरोबर दुःख भोगतात. आम्ही वेदीवरून आजीचे नाव वाचले. आपण 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक' म्हणालो. निरोप पोचला, वेदना पोचली नाही. ज्या शरीराला आपल्याच टाचेतला काटा कळत नाही, ते शरीर बधिर झालेले आहे. त्या बधिरपणाची सुरुवात आमच्यापासून झाली, हे आम्ही कबूल करतो.

बधिरपणा जाऊ शकतो. बाबा आमटे यांनी पावसात पडलेला एक मरणासन्न कुष्ठरोगी प्रथम पाहिला तेव्हा ते घाबरून पळाले होते. पण ते परत फिरले. त्या परत फिरण्यातून १९४९ साली 'महारोगी सेवा समिती' आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. संत डॅमियन १८७३ साली मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करायला गेले. स्वतःला रोग जडण्याच्या कितीतरी आधीपासून ते प्रवचनात 'तुम्ही कुष्ठरोगी' न म्हणता 'आम्ही कुष्ठरोगी' म्हणत. 'तुम्ही'चे 'आम्ही' झाले की काटा लागू लागतो.

म्हणून तीन साध्या गोष्टी करू या. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर सुनेने, नातवाने पाहावेत, आणि अनवाणी शेतात, गोठ्यात जाऊ नये. अंगावर न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये. सरकारी आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाचे औषध फुकट मिळते आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, ज्या आजाऱ्याचे नाव वेदीवरून घेतले जाईल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात आपल्यापैकी दोघांनी जावे. आम्हीही येऊ. तिथे उपदेश करू नका. प्रभूने त्या कुष्ठरोग्याला 'सोस, पुण्य लागेल' असे सांगितले नाही, त्याने हात लावला. तुम्हीही जवळ बसा, हात हातात घ्या, कुठे दुखते ते विचारा, आणि सांगतील त्यावर विश्वास ठेवा.

आजीची बोटे अजून दुखतात. पण गेल्या भेटीत त्या म्हणाल्या, "कुणी बसलं जवळ की जरा कमी होतंय बगा."

हे प्रभो येशू, पुनरुत्थानानंतरही तू आपल्या शरीरावरचे घाव पुसले नाहीस. आमच्या भावाबहिणींचे घाव आम्हांला आमचे वाटू दे. आमचा बधिरपणा दूर कर आणि आमच्या हातांना तुझा स्पर्श दे. आमेन.

— आपले धर्मगुरू, देवणी