सुईवरचे टाके

आधी पंखा बंद करा.

अंगोराची लोकर पंख्याखाली विणता येत नाही. केस उडतात, नाकापाशी येतात, चहात पडतात.

पंखा थांबतो, तसं घर थोडं मोठं होतं.

कोपरीतली जानेवारीची दुपार आहे. खिडकीतून खाडीचा वास येतो, खारट, चिखलाचा. ठाणे स्टेशनावरची घोषणा अर्धीच ऐकू येते. पनवेलची गाडी सुटते. मग काही नाही.

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

हात मांडीवर, उघडे. थोडा वेळ रिकामेच असू द्या.

श्वास येतो. श्वास जातो.

आता हा लोकरीचा गुंडा तळहातावर घ्या.

वजन शोधा. सापडत नाही. आधी जाणवते ती ऊब. गुंडा कुठे उन्हात ठेवलेला नव्हता. ही तुमच्याच हाताची ऊब आहे. लोकर ती जाऊ देत नाही, एवढंच.

थांबा इथे. तळहात काय सांगतोय ते ऐका.

हे सशाचे केस आहेत. अंगोरा म्हणजे अंकारा शहराचं जुनं नाव. त्याच नावाची बकरीही आहे, पण तिच्या लोकरीला मोहेर म्हणतात. हा ससा. आपल्याकडे तो कुलूच्या थंडीत राहतो. तिथे गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथेही हे ससे पाळतात. साधारण तीन महिन्यांनी केस कातरायचे, पुन्हा वाढू द्यायचे.

एक केस वेगळा काढा. उजेडात धरा.

दिसतो, न दिसतो. आपल्या डोक्यावरचा केस याच्या चार-पाच पट जाड. आणि हा आतून पोकळ आहे, पोकळीत हवा आहे. आपण हातात धरलंय त्यात बरीचशी हवाच आहे.

सोडा तो केस. कुठे जातो बघू नका.

आता धागा. दोन बोटांत धरा आणि हळू ओढा.

बारीक. बारीक. मग जरा जाड. पुन्हा बारीक.

गिरणीच्या धाग्यात हे होत नाही. हा हाताने कातलेला आहे. जिथे जाड आहे तिथे कातणारीचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं असेल. कुणी हाक मारली असेल, दूध उतू जात असेल. मी तिला ओळखत नाही. तिचा तो क्षण मात्र माझ्या चिमटीत आहे.

शाळेत टकळीवर सूत कातलेल्यांना हे बोटांनीच कळेल. पेळूतून धागा निघताना श्वास आपोआप रोखला जायचा. धागा तुटला की सुटायचा. आणि देशावर मेंढरांमागे चालता चालता हातातल्या चातीवर लोकर कातणारे धनगर ज्यांनी पाहिलेत, त्यांना आणखी कळेल. ती लोकर घोंगडीची, टोचरी, पावसाला पुरून उरणारी. ही वेगळी. हिचे केस इतके गुळगुळीत की पीळ नीट बसला नाही तर निसटूनच जातात.

पीळ आहे म्हणून धागा आहे.

सुया घ्या. टोकं एकमेकींना लागू द्या. टक्.

सुलट. श्वास आत.

उलट. श्वास बाहेर.

सुलट. उलट.

मोजू नका. मोजायचं काम बोटं करतात. टाका चुकला तरी चालेल असं मी म्हणणार नाही. अंगोरा उसवणं म्हणजे शिक्षा आहे, केस एकमेकांत गुंततात. म्हणूनच हळू.

सुलट. उलट. गाडी जाते. खिडकीची काच थरथरते, थांबते.

आता मांडीवर बघा. एक बूट पुरा झालेला आहे. लोकरीचा, पांढरा, घोट्यापाशी नाडी ओवायला जाळीची एक ओळ.

तो उचला. तुमचं मधलं बोट त्यात घाला.

एवढंच असतं नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं पाऊल. बोटाएवढं.

बोट आत राहू द्या. ऊब वाढते आहे. लगेच. कोपरीच्या थंडीला इतकी ऊब लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. फार तर पहाटे, तासभर. मग पाय लाल होतील, कुणीतरी बूट काढेल, आणि ते पाऊल तोंडात जाईल. बूट जाता कामा नये, केस सुटतात. म्हणून पुन्हा पुन्हा फुंकर घालून बघायचं, किती उडतात ते.

घाला फुंकर. हळूच.

लव हलते. झोपलेल्या बाळाच्या टाळूवर हलते तशी.

ही लव विणताना नव्हती. नवा टाका साधा दिसतो, थोडा ओकाबोका. हात लागत राहतो तशी केसांची टोकं पिळातून बाहेर येतात आणि भोवती धुकं धरतं. जितकं हाताळावं तितकं दाट.

आता बोट बाहेर काढा. सावकाश.

बूट बसत नाही, मिटत नाही. आत जागा राहते.

त्या जागेकडे बघा. आणखी थोडा वेळ बघा. तिथे काही ठेवू नका, नावसुद्धा नको.

दुसरा बूट सुईवर आहे. तळव्याचे शेवटचे टाके घातलेले आहेत, बंद केलेले नाहीत. भाचीला नववा लागलाय. आमच्या घरात बाळ यायच्या आधी बाळंतविड्यातलं नवं काही पुरं करून ठेवत नाहीत. आई ठेवत नव्हती, आजी ठेवत नव्हती. मी कारण कधी विचारलं नाही.

सुई टेबलावर ठेवा. टाके निसटू नयेत म्हणून टोकाला रबर लावा.

धाग्याचं दुसरं टोक गुंड्यात आहे.

श्वास येतो. श्वास जातो.

खाडीकडून जरा वारा आला आहे. सुईवरची लव एका बाजूला कलते, आणि पुन्हा सरळ होते.