नोंद ठेवणे ही निंदा आहे का?



गळ्यात माळ घातली की वडीलधारी माणसे पहिल्यापासून बजावतात, कुणाचे उणे काढू नये. दुसऱ्याचे दोष मोजत बसणाऱ्याच्या मुखात नाम टिकत नाही, हे आपण कीर्तनातून ऐकत आलो. ते खरेच आहे. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. कुणी बलवान माणूस दुर्बळाला मारतो, कोंडतो, गोळ्या घालतो. हे पाहिलेल्या भक्ताने ते लिहून ठेवावे का? जगाला सांगावे का? की ‘विठ्ठल सर्व पाहतो आहे, त्याच्या वहीत सर्व आहे’ असे म्हणून टाळ हाती घ्यावा?

हा प्रश्न बांद्याच्या माणसाला परका नाही. तेरेखोल नदीकाठचे हे आपले गाव. इथून थोडे पुढे गेले की गोव्याची हद्द आणि पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही या वाटेने गोव्यात शिरले. हाती तिरंगा होता, शस्त्र नव्हते. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली. पंजाबच्या ईसडू गावचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग पुढे झाला आणि तिथेच पडला. सहोद्राबाई वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या.

त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर किती माणसे गेली? कुठे एकवीस असे लिहिलेले सापडते, कुठे तीस. एकवीस आणि तीस यांत नऊचा फरक आहे. माउली, कागदावर हा नऊ आकडा लहान दिसतो. पण नऊ म्हणजे नऊ घरे, आणि त्या घरांतल्या आया. नोंद नीट राहिली नाही की असे होते. मेलेला माणूस आधी नावाला मुकतो आणि मग मोजणीतूनही सुटतो. नामाचे मोल ज्या संप्रदायाने जगाला सांगितले, त्याने तरी कुणाचे नाव हरवणे सहज घेऊ नये.

आता आपल्याच घरात पाहू. चोखोबाराय मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर होते. शके १२६० मध्ये ते कूस कोसळले आणि मजुरांसह ते त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवराय तिथे गेले आणि ढिगाऱ्यातले एकेक हाड कानाशी धरून त्यांनी ऐकले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम आले, ती चोखोबांची म्हणून वेचून घेतली. पंढरीच्या महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. हे आपण भक्तीचा महिमा म्हणून ऐकतो, आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. वेठीच्या मजुराचे प्रेत कुणाचे आहे, हे विचारायला त्या काळी कोण जाणार होते? नामदेवराय गेले. हा माणूस कोण होता, कसा मेला, हे त्यांनी पुसले जाऊ दिले नाही. चोखोबांनीही जिवंतपणी आपल्या वाट्याला आलेली विटाळाची वागणूक अभंगांतून देवापुढे उघड मांडली. आपण ती निंदा मानली नाही. तो संतवाणीचा भाग मानला.

मग निंदा कोणती आणि साक्ष कोणती? मला तीन खुणा दिसतात. निंदकाला दुसरा खाली पडलेला हवा असतो. साक्षीदाराला पडलेला उठायला हवा असतो. निंदक ऐकलेल्यात आपले मीठमसाला घालतो; साक्षीदार पाहिले तेवढेच सांगतो, आणि ऐकलेले असेल तर ऐकलेले म्हणून वेगळे ठेवतो. तिसरी खूण सर्वांत कठीण. निंदक परक्याचेच दोष पाहतो. साक्षीदार आपल्या माणसाचाही अन्याय लिहितो.

या तिसऱ्या खुणेवर आपली परीक्षा १९४७ साली झाली. पंढरीचे मंदिर हरिजनांना बंद होते. तो अन्याय पोर्तुगीजांनी केलेला नव्हता. साने गुरुजींनी तो महाराष्ट्रभर फिरून बोलून दाखवला आणि १ मे पासून पंढरपुरात उपोषण मांडले. त्यांना तनपुरे महाराजांच्या मठात जागा मिळाली. दहाव्या दिवशी उपोषण सुटले आणि मंदिराचे दार उघडले. पत्रादेवीची गोळी आठवणाऱ्याने हे बंद दारही आठवावे. एकच आठवले, तर ती साक्ष राहत नाही, अभिमान होतो.

‘देव पाहतो’ या उत्तराचे काय? माउली, भुकेल्याची भूकही देवाला दिसते. तरी वारीच्या वाटेवर आपण भाकरी घेऊन उभे राहतोच. त्याचे पाहणे आपले हात मोकळे करत नाही.

नोंदीने काय होते, हेही पाहू. मोहन रानडे गोव्याच्या लढ्यात १९५५ मध्ये पकडले गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. सुधीर फडक्यांसारख्या माणसांनी त्यांचे नाव विसरू दिले नाही. १९६९ मध्ये ते सुटले. त्याच पोर्तुगीज राजवटीत दोन विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावल्याबद्दल शिक्षा झाल्याचे वाचून आपण अस्वस्थ झालो, असे पीटर बेनेन्सन हे इंग्रज वकील सांगत. त्यांनी मे १९६१ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात विसरलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला. त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. तिची रीत साधी होती: कैद्याचे नाव शोधायचे, खरे-खोटे तपासायचे आणि त्याला कोंडणाऱ्या सरकारला पत्रे लिहीत राहायचे. एका अर्थी हा नामजपच. जुलूम करणाऱ्याला वाटते की आपले कृत्य भिंतीआड राहील. रोज तेच नाव दारावर येऊ लागले की त्याला ते जड जाते.

मात्र साक्षीला मर्यादा हवी. पीडलेल्या बाईचे नाव तिच्या संमतीवाचून उघड केले, तर तो दुसरा घाव होतो. जखमेचे वर्णन रंगवून सांगितले, तर दुःखाचा तमाशा होतो. आणि लिहिताना मनात सूड शिरला, तर लेखणी खोटे बोलू लागते. म्हणून लिहिण्याआधी नाम घ्यावे, मन निवळू द्यावे, मग लिहावे. क्षमा करायची तर ती ज्याच्यावर वार झाला त्याने. आपण विसरून जाणे म्हणजे क्षमा करणे नव्हे.

तेव्हा, माउली, एक करावे. सीमेवरचे ते दिवस पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. तुमच्या घरात, वाडीत असे कुणी असेल, तर त्यांच्याजवळ बसावे. नाव, गाव, तिथी, काय पाहिले, काय ऐकले, हे वहीत उतरवावे आणि त्यांना वाचून दाखवावे. आज शेजारी कुणावर अन्याय होत असेल, तर तोही तसाच लिहावा. करणारा आपल्या दिंडीतला असला तरी. सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरी लिहून घेतली, संताजी जगनाड्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आपल्या संप्रदायात लिहून ठेवणाऱ्याचा मान मोठा आहे. दुःखितांच्या बोलण्यालाही असा एक लेखक मिळावा, एवढेच पांडुरंगाचरणी मागणे.

रामकृष्णहरी.