पुडी आणावयास मुलास कोण धाडतो?

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय ३५



यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीत यिर्मया संदेष्ट्यास देवाची एक विलक्षण आज्ञा झाली. रेखाबी घराण्यातील लोकांस मंदिराच्या एका कोठडीत आणावे व त्यांच्यापुढे द्राक्षारस ठेवावा, अशी ती आज्ञा होती. संदेष्ट्याने त्याप्रमाणे केले. भरलेली पात्रे मांडली गेली. स्थळ पवित्र आणि देणारा प्रत्यक्ष देवाचा संदेष्टा. मग नाही म्हणावयास सबब कोणती उरली? तरी त्या लोकांनी पेल्यास हात लावला नाही. आमच्या पूर्वजाने हे वर्ज्य केले आहे व आमच्या घरची बायकामुले सर्व ते पाळतात, एवढेच त्यांचे उत्तर होते.

हा पूर्वज म्हणजे रेखाबाचा पुत्र योनादाब. तो येहू राजाच्या वेळचा, म्हणजे ह्या प्रसंगाच्या २०० वर्षांहून अधिक पूर्वीचा. इतका काळ लोटला, कित्येक राजे आले व गेले. परंतु एका बापाचा शब्द मुलाने उचलला, त्याने तो नातवास दिला, आणि असा तो घराण्यात जिवंत राहिला. त्यामागे शिपायाची काठी नव्हती की दंडाचे भय नव्हते. देवाने हेच उदाहरण सर्व यहूदापुढे ठेविले व त्या घराण्यास आशीर्वाद दिला.

आता आम्ही आपणांस विचारतो : आमचा कोणता शब्द आमची नातवंडे स्मरतील?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यात उपासना आटोपल्यावर आम्ही मंडळीतील एका वृद्ध पंचांच्या ओसरीवर बसलो होतो. गृहस्थ सज्जन, प्रार्थनेत तत्पर, मंडळीच्या कामात कधी मागे न राहणारे. बोलता बोलता त्यांनी आठ वर्षांच्या नातवास हाक मारली, त्याच्या हातावर पैसे ठेविले व कोपऱ्यावरच्या टपरीवर धाडले. मूल आनंदाने धावत गेले व तंबाखूची पुडी घेऊन आले. चुन्याची डबीही त्यानेच कोनाड्यातून काढून दिली. आजोबांनी तंबाखू मळली, थापटली, आणि चिमूट आमच्यापुढे केली. आम्ही नको म्हटले. इतक्यात त्या मुलाने आजोबांप्रमाणेच रिकाम्या तळहातावर अंगठा घासून खोटी तंबाखू मळली व खोटा बार भरला. सर्व मंडळी हसली. प्रियहो, आम्हीही हसलो. त्या वेळी एक शब्द बोलणे आमचे कर्तव्य होते, ते आम्ही केले नाही. त्या मौनाची टोचणी आजवर मनास लागून राहिली आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे तरुण बिघडले, शहरच्या वाऱ्याने बिघडले, असे आम्ही पंचांच्या बैठकीत वारंवार म्हणतो. शहरचा वारा दोषी असेल. परंतु पुडीचा रस्ता त्या मुलास शहराने दाखविला नाही, तो घरच्या ओसरीने दाखविला. आज ते पुडी आणते, उद्या आणता आणता चिमूटभर तोंडात टाकते, आणि पंधराव्या वर्षी मित्रांबरोबर मावा किंवा गुटखा खाते, तेव्हा आम्ही कपाळास हात लावतो. मुलगी सकाळी आईला मिश्री भाजताना व दातांना लावताना पाहते, आणि ती दात घासण्याचीच रीत आहे असे समजते. सरकारने २०१६-१७ साली केलेल्या पाहणीत आपल्या राज्यातील दर १०० प्रौढांपैकी सुमारे २७ जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले, व त्यांतील बहुतेक ती तोंडात धरणारे होते. ह्या सर्वांस ती सवय एके काळी कोणाच्या तरी हातून लागली असेल.

ह्या सवयीने शरीराचे काय होते हे साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य आहे. ते मनुष्यास बांधून टाकते, आणि कोवळ्या वयाचा मेंदू त्याच्या बंधनात अधिक लवकर सापडतो. तोंडात धरलेली तंबाखू गालाच्या व जिभेच्या नाजूक त्वचेस जाळते व तेथे कर्करोग उत्पन्न करते. तंबाखूशिवाय नुसती सुपारी निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे. मावा, खर्रा व गुटखा ह्यांत तर सुपारी व तंबाखू दोन्ही एकत्र असतात. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा हळूहळू ताठ व पांढुरकी होते. प्रथम तिखट लागताच तोंडाची आग होते, पुढे तोंड उघडेनासे होते. आलेला ताठरपणा पुरता जात नाही, आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवण्याचे भय असते. मात्र वेळीच सोडले तर तो वाढण्याचे पुष्कळदा थांबते.

ह्याची एक सोपी परीक्षा आहे. आपली मधली तीन बोटे एकत्र जुळवून उभी धरावी व वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावी. ती न जातील तर दवाखान्यात जाण्यास विलंब करू नये. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा गालात गाठ आढळल्यास तसेच करावे. प्रियहो, ज्या मुखाने आपण भजन गातो, ज्या मुखात प्रभुभोजनाची भाकर घेतो, ते मुख वीस-बावीस वर्षांच्या तरुणाचे उघडू नये, हा केवढा शोक! आमच्या मंडळ्यांत असे तरुण आहेत. ते मागच्या रांगेत बसतात व गीताच्या वेळी ओठ मिटून असतात. आम्हांस वाटते की त्यांचा विश्वास थंडावला. कदाचित त्यांचे तोंडच उघडत नसेल.

दारूविषयी थोडके बोलतो. लग्नाच्या वरातीत हल्ली सोळा-सतरा वर्षांची मुले पिऊन नाचतात, आणि वडीलधारी मंडळी आजचा एक दिवस म्हणून दुसरीकडे पाहतात. हातभट्टीच्या दारूत काय मिसळले आहे हे पिणारास कळत नाही. २०१५ सालच्या जून महिन्यात मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते पोटात गेल्यावर शरीर त्याचे असे विष बनविते की प्रथम डोळ्यांची ज्योत जाते व मग प्राण जातो. साध्या दारूबरोबर तंबाखूही असली तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे भय कित्येक पटींनी वाढते.

कोणी म्हणतील, तंबाखू खाऊ नये असे शास्त्रात कोठे लिहिले आहे? तंबाखूचे नाव तेथे नाही, हे खरे. परंतु पौलाने करिंथकरांस लिहिले आहे की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, व ते मोल देऊन विकत घेतलेले आहे. आपल्या गावच्या उपासनामंदिराच्या भिंतीवर कोणी पिचकारी मारली तर आपण त्यास खडसावू. मग ह्या दुसऱ्या मंदिराविषयी आपण इतके उदार का?

दुसरे म्हणतील, उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवावा लागतो, चिमटीशिवाय भूक मरत नाही व हात चालत नाही. ह्या बांधवांचे कष्ट आम्ही हलके लेखीत नाही. परंतु जी भूक मारते ती शरीरास अन्न देत नाही. ती केवळ भुकेचे तोंड दाबते. आणि आपल्या श्रमाचे दुःख मुलांस वारसा म्हणून द्यावयाचे नसेल, तर त्या दुःखावरचे हे खोटे औषधही त्यांस देऊ नये.

सरकारचे कायदे आहेत. २००३ सालच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे व शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे मना आहे. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी घालण्यात आली. २०१५ सालच्या बालन्याय कायद्याप्रमाणे मुलास दारू अथवा तंबाखू देणारास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी टपरीवर सर्व मिळते, हे आपण जाणतो. कायदा टपरीपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचो. आपल्या ओसरीपर्यंत तो पोहोचणार नाही. तेथे प्रभूचा शब्द पोहोचला पाहिजे. लहानांपैकी एकास अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने गळ्यात बांधलेल्या जात्याच्या तळीची गोष्ट काढली आहे. इतके कठोर शब्द प्रभूने फार थोड्या पापांविषयी काढले.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली वडीलधाऱ्यांस : आजपासून कोणत्याही मुलास पुडी, बिडी किंवा बाटली आणावयास धाडू नका. स्वतःची सवय एका दिवसात सुटणार नाही, हे आम्ही समजतो. पण मुलास न धाडणे आजच शक्य आहे. दुसरी उपदेशक बंधूंस : शब्बाथशाळेत तीन बोटांची परीक्षा शिकवा, आणि आपल्या खिशात पुडी असेल तर प्रथम ती बाहेर काढा, कारण मुले उपदेशापेक्षा खिसा अधिक नीट पाहतात. तिसरी तरुणांस : दानीएलाने राजवाड्यातील अन्न व द्राक्षारस नाकारताना दहा दिवसांची मुदत मागितली होती. तुम्हीही देवाजवळ दहा दिवस मागा. तलफेचे पहिले काही दिवस फार कठीण जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. त्यानंतर तलफ हळूहळू ढिली पडते. १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर तंबाखू सोडू इच्छिणारांस विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र जो नित्य पुष्कळ दारू पितो त्याने ती एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, नाहीतर झटके येऊन जिवावर बेतते.

आणि जो पडला त्यास मंडळीने लोटू नये. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाच्या तोंडास कसला वास येतो हे पाहिले नाही. तो धावत जाऊन गळ्यात पडला.

त्या वृद्ध पंचांकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत. ह्या वेळी आम्ही हसणार नाही, व त्यांस दोषही देणार नाही. आपली चूक प्रथम कबूल करू आणि मग त्यांच्याबरोबर योनादाबाचा अध्याय वाचू. तो नातू जवळच बसलेला असेल. त्यास वारसा मिळावयाचाच आहे. तो कोणता, एवढेच आपल्या हाती आहे.

हे प्रभो, आमच्या लेकरांचे मुख तुझ्या स्तुतीसाठी उघडे ठेव, आणि जे शब्द आम्ही वेळेवर बोललो नाही ते बोलण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.