कळशी बरी आसा मां?

मिठबावला आमच्या शेजारच्या घरात, माजघरातल्या फळीवर एक पितळेची कळशी होती. घरातली बाकीची भांडी विहिरीवर जायची, चेंबायची, चिंचेनं घासून निघायची. ही मात्र फळीवरून कधी खाली उतरली नाही. लग्नकार्यात पाणी कमी पडलं तरी नाही. लहानपणी मी एकदा विचारलं, तर घरातले तात्या "ती शर्यतीची" एवढंच म्हणाले आणि जाळं विणायला लागले. शर्यतीत मिळालेली वस्तू वापरायची नसते, ती फक्त मिरवायची, असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलं. तात्या मात्र ती मिरवतही नसत.

तांबळडेगला त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. गजबादेवीच्या वाटेवर नाहीतर बाजारात गाठ पडली की रामराम घालायचे आणि विचारायचे, "कळशी बरी आसा मां?" तात्या म्हणायचे, "आसा." संपलं बोलणं. दोस्तीतली चेष्टा असेल, असं मी चाळीस वर्षं धरून चाललो होतो.

तात्यांचा नातू नौदलात लागला. गोव्यात आयएनएस मांडवीवर नौदलाचं शीडनौका शिकवणारं केंद्र आहे, तिथे तो तयार झाला. गावात कुणाला हे धड सांगता येईना. मराठीत आपण वल्हवण्यालाही नौकानयन म्हणतो आणि शिडालाही. त्यामुळे नौकानयन म्हटलं की लोकांना दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी गावातला पोरगा सैन्यात जाऊन वल्हं धरायला शिकला आणि 2016 मध्ये रिओला पोचला. मला त्याचं कौतुक वाटतं आणि जरा लाजही. पिढ्यान्‌पिढ्या शिडावर जगलेल्या आमच्या गाबितांच्या वाड्यांतलं एकही नाव ऑलिम्पिकच्या यादीत मी तरी वाचलेलं नाही, आणि क्रीडापान लावण्यात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत.

तात्यांच्या नातवाची होडी इल्का सातची. हिलाच पूर्वी लेझर म्हणत. लांबी सव्वाचार मीटर, शीड सात चौरस मीटर, आणि वर माणूस एकच. सुकाणू त्याचं, दोर त्याचा, होडी कलली की बाहेर झुकून तोल सांभाळायचा तोही त्यानंच. ऑलिम्पिकमध्ये या प्रकारात एका देशाची एकच होडी घेतात. देशाला जागा मिळवावी लागते ती वेगळीच. 2021 मध्ये ओमानमधल्या मुसानाच्या पात्रता स्पर्धेतून नेत्रा कुमानन, विष्णू सरवणन आणि गणपती-वरुण ठक्कर ही जोडी टोकियोला गेली, तेव्हा भारत पहिल्यांदाच तीन प्रकारांत उतरला. पॅरिसच्या वेळी मार्सेच्या समुद्रात विष्णू अठरावा आला. आपल्याकडून आजवर गेलेल्यांची नावं एका कागदावर मावतील. एकच होडी जाणार म्हणजे देशात दुसरा आलेला आणि शेवटचा आलेला, दोघांची जागा सारखीच. घरी.

पोराची निवड चाचणी मुंबईत होती. या खेळातले गुण उलटे मोजतात: पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, ज्याची बेरीज कमी तो वर. शेवटची शर्यत उरली तेव्हा हिशोब सरळ होता. पोरगा दुसरा आला असता तरी काम झालं होतं.

तो वाऱ्यावर चढत वरच्या बोयापाशी पोचला तेव्हा तिसरा होता. बोया म्हणजे हवा भरलेला नारिंगी पिंप, माणसाच्या उंचीचा. त्याला डावीकडे ठेवून वळायचं आणि वारा पाठीवर घेऊन खाली सुटायचं. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती आणि पाणी होडीला बोयाकडेच ओढत होतं. पोरानं सुकाणू ओढलं, दोर सैल सोडला, शिडाखालचा आडवा दांडा बाहेर गेला आणि त्याचं टोक बोयाला घासलं. ओल्या फुग्यावरून बोट ओढल्यावर होतो तसा आवाज, इतकाच. पुढच्या दोघांच्या पाठी होत्या. मागच्याला पोराच्याच शिडाचा आडोसा होता. पंचांची बोट लांब.

या खेळात होडीवर पंच नसतो. बोयाला शिवलात तर शिक्षा ठरलेली आहे: बाजूला व्हायचं आणि जागच्या जागी एक पूर्ण फेरा घ्यायचा, एकदा वाऱ्याला तोंड देऊन वळायचं, एकदा पाठ देऊन. कुणी पाहिलं आणि तक्रार केली तर गोष्ट वेगळी. नाहीतर ज्यानं चूक केली त्यानंच ती भरायची, अशी नियमपुस्तकाची अपेक्षा. पोरगा बाजूला झाला आणि फेरा घेतला. तेवढ्यात चार होड्या पुढे गेल्या. जीव तोडून त्यानं दोन परत गाठल्या, पाचवा आला आणि एका गुणानं राहिला. निवड झालेल्या मुलानं त्याला मिठी मारली म्हणे. यानं फेरा का घेतला हे त्या मुलालाही तोवर कळलेलं नव्हतं.

मे महिन्यात मी गावी गेलो तर शेजारच्या खळ्यात हाच विषय पेटलेला. पोराच्या बापसाची इंजिनाची होडी आहे, माणूस कष्टाळू, पण तोंडाचा तिखट. मला बघताच म्हणाला, "तुमी पेपरातले. तुमीच सांगा. पंच नाय, कॅमेरो नाय, कोण बघी होतो हेका? हो आपणच फिरलो वाटोळो आणि केल्यान वाटोळा!"

पोरगा पायरीवर बसून नारळ सोलत होता. वर बघेना.

मला वाटलं, इथे आपली विद्या उपयोगी पडेल. मी सोलची गोष्ट काढली. 1988 च्या ऑलिम्पिकमधल्या शिडाच्या शर्यती पुसानला होत्या. 24 सप्टेंबरला वारा पिसाळला, पस्तीस नॉटांपर्यंत चढला. कॅनडाचा लॉरेन्स लेमिए फिन प्रकारात दुसरा चालला होता. शेजारच्या पाण्यात दोघांच्या 470 होड्यांची शर्यत होती. आपले फारोख तारापोर आणि केली राव त्याच प्रकारात उतरले होते. त्यातली सिंगापूरची होडी उलटली आणि दोघं खलाशी लाटांत पडले. लेमिएनं शर्यत सोडली, दोघांना आपल्या होडीवर ओढून घेतलं, गस्तीची बोट येईपर्यंत थांबला, त्यांना तिच्यावर चढवलं आणि मग शर्यत पुरी केली. शेवटी पदक काही मिळालं नाही. पण पंचांनी त्याला त्या शर्यतीतला दुसरा क्रमांक परत दिला, आणि ऑलिम्पिक समितीनं कुबेर्तँच्या नावाचं खास पदक दिलं.

बापूस शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तेका पदक गावलाच मां? आणि सगळ्या जगान बघल्यान मां तेका?"

"होय."

"मगे हेका कोणी बघल्यान, ता सांगा."

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. अशा गोष्टी आम्ही छापतो त्या कुणीतरी पाहिलेल्या असतात म्हणून. न पाहिलेल्याची बातमी होत नाही. पोराच्या फेऱ्याची तरी कुठे झाली होती?

मी गप्प झालेलो बघून बापसाला जोर चढला. त्याच्या नेहमीच्या दुखण्यावर गाडी आली. रात्री समुद्रात एलईडीचे दिवे लावून येणारे ट्रॉलर, लहान मासळीसकट सगळं खरवडून नेणारे. केंद्रानं 2017 मध्ये या मासेमारीवर बंदी घातली. आमच्या किनाऱ्यावर त्यावरून मोर्चे निघाले, होड्या अडवल्या गेल्या. बापूस त्यात पुढे होता. तो म्हणत होता, जग असं आहे, कायदा मोडणारे बंगले बांधतात, आणि आमचा हा शहाणा.

पोरानं सोललेला नारळ बाजूला ठेवला. "बाबानू," तो म्हणाला, "एलईडीवालेय ह्यांच म्हणतत. रात्रीचा कोण बघता."

बापूस उठून घाटीनं खाली समुद्राकडे गेला. जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही.

तात्या इतका वेळ ओटीवर होते. ऐंशी कधीच उलटलेली, डोळ्यांना कमी दिसतं, पण वारा फिरला की झोपेतून उठून सांगतात. त्यांनी नातवाला हाक मारली आणि एवढंच विचारलं, "फेरो घेतलस तेवा वारो खंयचो होतो?"

"खारो. आणि सुकती लागलेली."

"मगे चार होडये जाणारच," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेलो तर फळी रिकामी होती. कळशी तात्यांच्या मांडीवर, आणि ते धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची धूळ पुशीत होते. नातू समोर उकिडवा बसलेला. बापूस आत दाढी करत होता, पण वस्तऱ्याचा आवाज थांबलेला.

पंचावन्न वर्षांपूर्वी शिमग्याच्या दिवसांत शिडाच्या होड्यांची शर्यत लागली होती. होडी एकट्यानं हाकायची, अशी अट. किनाऱ्यावरून सुटायचं, गजबादेवीच्या कड्याला वळसा घालायचा, पलीकडे पाण्यात बांबूवर लाल फडकं बांधलेलं, त्याला फिरून परत यायचं. शेवटी दोघंच झुंजत राहिले. तांबळडेगचा पुढे, तात्या मागे.

"तो बांबूक फिरलो," तात्या म्हणाले. "मी पन्नास हात अलीकडसूनच होडी फिरवलंय. कड्यान झाकलेला सगळा. किनाऱ्यारसून दिसाचा नाय."

"आणि तेणी?" नातवानं विचारलं.

"तेणी बघल्यान. मागसून येय होतो, दिसतला नाय तर काय? पण कोणाकडे बोलाक नाय. होडी वर ओढल्यान, माझ्याकडे इलो, माझ्या हातातली कळशी बघल्यान आणि म्हणालो, बरी आसा."

त्यानंतर पंचावन्न वर्षं तो माणूस भेटेल तिथे तेवढंच विचारत राहिला. गेल्या श्रावणात वारला. तात्या बाराव्याला गेले होते आणि जेवता जेवता उठून आले होते, हे मला त्या सकाळी कळलं.

"माका तो बांबू अजून दिसता," तात्या म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला माणूस हे सांगत होता.

ते उठले आणि कळशी कमरेवर घेऊन चालायला लागले. त्या वयात तांबळडेगपर्यंत चालत! बापूस अर्ध्या दाढीचा साबण पुसत बाहेर आला, काही बोलला नाही, मोटारसायकल काढली आणि तात्यांना मागे बसवलं. कळशी दोघांच्या मधे. आम्ही दुसऱ्या गाडीवर त्यांच्या मागून.

तांबळडेगच्या घरात म्हातारी एकटीच होती, पडवीत सुक्या बांगड्यांची राखण करत. तात्यांनी कळशी तिच्यापुढे ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, बांबूसकट, पन्नास हातांसकट. बापूस दाराच्या चौकटीला धरून उभा होता. म्हातारीनं कुठेही आश्चर्य दाखवलं नाही. तिला बहुधा लग्नाच्या वर्षापासून माहीत असावं. तिनं कळशी उपडी केली, बुडाला बोटानं टिचकी मारली, मग तोंड उजेडाकडे करून आत बघितलं.

"कल्हई करूक व्हयी," ती म्हणाली.

मिठबावला कल्हईवाला यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. कळशी मी मुंबईला नेली, कल्हई करून घेतली आणि जूनच्या आधी तांबळडेगला पोचवली. पोरगा तोवर मांडवीवर परत गेला होता. गणपतीत मी गेलो तेव्हा ती कळशी विहिरीच्या काठावर होती आणि गळ्याभोवती दोर घासून घासून तिच्यावर बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी पडली होती.