आठ मिनिटांचे शंभर रुपये

रविवारी बर्डीवर गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. मी बाईक एका खासगी पार्किंगमध्ये लावली. दोन तासांचे २० रुपये. दोन तास व्हायला दोन मिनिटं असताना मी निघालो, पण बाहेर पडायच्या रांगेतच दहा मिनिटं गेली. आठ मिनिटं जास्त, दंड १०० रुपये.

"भाऊ, रांग तर तुमचीच होती ना?"

"माझ्या हातात काही नाही, दादा." फाटकावरचा पोरगा माझ्याहून लहान होता. मागे हॉर्न वाजायला लागले. मी पैसे भरले.

शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसणार? हा आपल्याला शहाणपणा वाटतो. पण असा दंड आपल्या याच शहाणपणावर चालतो. प्रत्येकजण 'जाऊ दे' म्हणतो आणि ते सगळे 'जाऊ दे' एकाच गल्ल्यात जमा होतात.

अर्थात उशीर हा उशीरच. मी जागा अडवली, तर दुसरा कुणीतरी चकरा मारत बसतो. ब्रिटनमध्ये फुकट पार्किंगचे दोन तास संपल्यावर ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या एका माणसाला ८५ पौंड दंड झाला. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पाट्या ठळक होत्या आणि जागा मोकळी होत राहावी, हा हेतू रास्त होता.

आपला १८७२ चा करार कायदा मात्र सांगतो की करारात रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती रास्त भरपाईच. नुकसानीच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित म्हणतो.

मी तासभर चहा पीत रेंगाळलो असतो, तर गप्प बसणंच बरोबर होतं. पण माझी आठ मिनिटं त्यांच्याच रांगेत गेली होती. दाद मागणं म्हणजे स्वतःची चूक नाकारणं नाही. चूक नेमकी किती आणि कुणाची, ते मोजा म्हणणं आहे.

रात्री पावतीचा फोटो जोडून मी पार्किंगच्या मालकाला ईमेल केला. रांगेतला वेळ धरू नका, एवढीच मागणी. शेवटी एक ओळ लिहिली: फाटकावरचा मुलगा नीट बोलला, त्याच्या पगारातून काही कापू नका.

अजून उत्तर आलेलं नाही. आठवडाभर वाट बघेन, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन.